खंड्याची वही

'कुत्रा हा इमानी प्राणी आहे' या वाक्यानें आरंभ होणारा निबंध ज्यानें लिहिला नाहीं, असा विद्यार्थी आपल्या शाळेंत शोधूनही सांपडणार नाहीं. मींही तो चौथ्या इयत्तेंत लिहिला व मला दहांपैकीं आठ गुण मिळाले. परंतु मनुष्य कुत्र्याशीं कितपत इमानी असतो, हा प्रश्न त्या निबंधांत कोणीं विचारला नव्हता. तो मला आमच्या खंड्यानें विचारला आणि त्याचें उत्तर देतांना मी प्रथम नापास झालों. ती हकीकत येथें लिहीत आहें.

२०१२ सालच्या पावसाळ्यांत आमच्या आजोबांना लालबागच्या बाजारांत एका हातगाडीखालीं कुडकुडत बसलेलें एक तांबूस पिल्लूं दिसलें. त्यांनीं तें छत्रीच्या आडोशानें घरीं आणलें. आमचें बिऱ्हाड चाळीच्या तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचें. आईनें प्रथम पुष्कळ कुरकुर केली. पण रात्रीं दुधाची वाटी तिनेंच पुढें केली. आजोबांनीं त्याचें नांव खंड्या ठेविलें. मी तेव्हां तीन वर्षांचा होतों. आम्ही दोघे बरोबरच वाढलों. फरक इतकाच, कीं तो माझ्या आधीं म्हातारा झाला. मजल्यावरील प्रत्येकाचें पाऊल त्याला जिन्यावरूनच ओळखूं येई, आणि मी शाळेंतून येतांना तळमजल्यावर पोंचलों कीं वर त्याचें शेपूट दारावर वाजूं लागे.

२०२१ सालीं त्याच्या छातीच्या बाजूला एक गांठ हातास लागली. ती मऊ होती व बोटानें ढकलली असतां कातडीखालीं इकडे तिकडे सरके. आजोबा त्याला घेऊन परळच्या बैलघोडा हॉस्पिटलांत गेले. मी बरोबर होतों. ह्या रुग्णालयाचें खरें नांव बाई साकरबाई दिनशा पेटिट यांचें आहे. पण लोक त्यास बैलघोडाच म्हणतात. मुंबईंत १८७४ सालीं ट्राम सुरू झाली ती घोडे ओढीत, आणि मालाच्या गाड्या बैल ओढीत. त्या मुक्या कामकऱ्यांची आठवण या नांवांत अद्याप टिकून आहे.

तेथील डॉक्टरीणबाईंनीं एका बारीक सुईनें गांठींतील थोडा अंश ओढून काचेच्या पट्टीवर पसरला व सूक्ष्मदर्शक यंत्राखालीं पाहिला. ती नुसती चरबीची गांठ निघाली. उतारवयांतील पुष्कळ कुत्र्यांना अशा गांठी येतात व बहुधा त्यांपासून अपाय होत नाहीं. परंतु त्या आम्हांस म्हणाल्या, "एक गांठ चरबीची निघाली म्हणून दुसरीही तशीच असेल असें समजूं नका. केवळ हातानें चांचपून निदान करणें मलाही साधत नाहीं. एक वही करा. तींत कुत्र्याची आकृति काढून, गांठ कोठें आहे, केवढी आहे, मऊ कीं कठीण, हें तारीख घालून लिहीत चला."

वहीचें काम आजोबांनीं माझ्याकडे सोंपविलें. मीं एका शंभर पानी वहींत खंड्याच्या दोन्ही अंगांच्या आकृति काढल्या व दर रविवारीं त्याचें सर्वांग चांचपून, पट्टीनें गांठ मोजून नोंद करूं लागलों. खंड्याला हा खेळच वाटे. तो उताणा पडून चारी पाय वर करी. पण तीच नोंद पुनःपुनः लिहून मला कंटाळा आला आणि चारपांच महिन्यांनीं वही कपाटावर जाऊन पडली.

२०२२ सालच्या गणेशोत्सवाचे ते दिवस. दोन वर्षांच्या निर्बंधांनंतर सारें लालबाग गर्दीनें फुलून गेलें होतें. खंड्याला आंघोळ घालतांना त्याच्या उजव्या मांडीच्या मागें वाटाण्याएवढी एक गांठ माझ्या बोटांस लागली. ती कठीण होती व सरकत नव्हती. मीं ती कोणालाही सांगितली नाहीं. सांगितलें तर आजोबा लगेच परळला निघतील, मला बरोबर जावें लागेल व मित्रांसह आरास पाहण्याचा बेत बुडेल, हें एक कारण. आणि 'आणखी एक चरबीची असेल' अशी मनाची समजूत, हें दुसरें. दोन दिवसांनीं ती लाल होऊन बोराएवढी फुगली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां लहान झाली. ती आपोआप बरी होत आहे असें मीं स्वतःस पटवून दिलें. तीन आठवड्यांनीं ती सुपारीएवढी होऊन चिघळली, तेव्हां ती आईच्या दृष्टीस पडली.

ह्या वेळीं काचेच्या पट्टीवर चरबी दिसली नाहीं. जांभळ्या कणांनीं गच्च भरलेल्या गोल पेशी दिसल्या. डॉक्टरीणबाईंनीं मला यंत्रांतून त्या पाहूं दिल्या. ह्या मास्ट पेशी निरोगी शरीरांतही असतात. १८७८ सालीं पॉल एर्लिख या जर्मन विद्वानानें त्यांस 'पोसलेल्या पेशी' अशा अर्थाचें हें नांव दिलें; कारण त्या त्यास खाऊनपिऊन लठ्ठ झालेल्या वाटल्या. त्यांच्या कणांत हिस्टामीन नांवाचें द्रव्य सांठविलेलें असतें. डास चावल्यावर आपल्या अंगावर जी गांधी उठते, तिचें मुख्य कारण हेंच द्रव्य. ह्याच पेशी बेसुमार वाढूं लागल्या म्हणजे त्यांचा कर्करोग होतो, आणि कुत्र्यांच्या त्वचेच्या घातक गांठींत हा प्रकार फार आढळतो. अशी गांठ चोळली गेली कीं हिस्टामीन बाहेर पडून ती लाल होते, फुगते आणि पुढें ओसरते. तें रक्तावाटे जाऊन जठरांतील आम्लही वाढवितें व तेथें व्रण पडतात. म्हणजे ज्या लक्षणाला मी बरें होण्याची खूण समजत होतों, तीच रोगाची खूण होती.

मीं तेथेंच सर्व कबूल केलें व विचारलें, "तीन आठवड्यांपूर्वीं आणला असता तर?" त्या क्षणभर थांबून म्हणाल्या, "जखम लहान झाली असती. त्यापुढचें मी खात्रीनें सांगूं शकत नाहीं." त्यांनीं मला खोटा धीर दिला नाहीं, याबद्दल मी आज त्यांचा ऋणी आहें.

शस्त्रक्रियेंत गांठीभोंवतालची दोन तीन सेंटीमीटर निरोगी दिसणारी त्वचा व खालचा एक थरही कापून काढावा लागला. कारण ह्या पेशी गांठीच्या कडेबाहेर पसरलेल्या असतात. वडिलांनीं दिवाळीसाठीं ठेविलेले पैसे त्यांत गेले. पण खरा त्रास पुढेंच होता. चाळींत बोलवा झाली कीं खंड्याचा रोग मुलांस लागेल. शेजारच्या काकूंनीं आपल्या नातवास आमच्या दारावरून जाण्यास मनाई केली. आजोबांनीं डॉक्टरीणबाईंस विचारून सर्वांस समजावून सांगितलें, कीं कुत्र्याकडून कुत्र्याकडे जाणारा एक वेगळा कर्करोग आहे खरा, पण तो हा नव्हे; आणि दोहोंपैकीं कोणताही माणसास लागत नाहीं. काकूंनीं तें ऐकलें व हळूहळू मानलेंही.

आतां मला माझ्याविषयीं लिहिलें पाहिजे. काकूंना भीति वाटत होती. मला किळस वाटत होती. त्या लांबलचक जखमेवरील टांके, तिच्यांतून पाझरणारें पाणी आणि औषधाचा तो दर्प! मी त्याच्यापासून दूर बसूं लागलों. तो जवळ आला कीं पुस्तक उचलून गॅलरींत जाई. त्याच्या गळ्यांत जखम चाटूं नये म्हणून बांधलेली मोठी पट्टी होती. ती दारांस आपटीत तो माझ्यामागें येई व उंबऱ्याशीं थांबून पाहत राही. जखम धुणें, मलम लावणें हीं कामें आजोबांचे थरथरते हात करीत. त्यांनीं मला एका शब्दानेंही दोष दिला नाहीं.

टांके काढावयाच्या दिवशीं आम्ही खंड्याला घेऊन पायींच परळला निघालों. वाटेंत टाटा रुग्णालय लागतें. १९४१ सालीं तें उघडलें तेव्हांपासून कर्करोगाचे रोगी दूरदूरच्या गांवांहून तेथें येतात. बाहेरच्या पदपथावर कित्येकांचे नातलग चूल, गाठोडें घेऊन राहिलेले दिसतात. तेथून खंड्याला नेतांना मला लाज वाटली. जेथें माणसांचे असे हाल, तेथें आम्ही कुत्र्यासाठीं दिवाळीचे पैसे खर्चिले, हें ह्या लोकांस काय वाटेल? मी आजोबांस म्हणालों, "आपण पलीकडच्या बाजूनें जाऊं."

इतक्यांत भिंतीस टेकून बसलेल्या एका वृद्धानें हात पुढें केला व खंड्या सरळ त्याच्यापाशीं गेला. त्याच्या जबड्याला फडकें बांधलेलें होतें व शब्द कष्टानें फुटत होते. तो बीड जिल्ह्यांतील शेतकरी होता. त्यानें खंड्याच्या मानेवरून, पाठीवरून व मग टांक्यांच्या अगदीं कडेपर्यंत हात फिरविला. "याला बी त्योच रोग हाय का?" त्यानें विचारलें. आजोबा म्हणाले, "होय बाबा, कातडीचा." तो थोडा वेळ तसाच हात फिरवीत राहिला. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "पोरा, त्याला शिवायचं सोडूं नगंस. दुखण्यापरीस त्येच जास्त लागतं."

मी मान खालीं घातली. आपल्या शाळेंत प्रार्थनेच्या वेळीं लूकच्या शुभवर्तमानांतील लाजाराची गोष्ट आपण कितीदां ऐकली आहे! श्रीमंताच्या दाराशीं पडलेल्या त्या दरिद्री मनुष्याचे फोड कुत्रे येऊन चाटीत. माणसाच्या जखमांची कुत्र्यांना किळस आली नाहीं. माझ्या कुत्र्याच्या जखमेची मला मात्र आली होती. त्या दिवशीं संध्याकाळीं मीं कपाटावरची वही खालीं काढली व खंड्याजवळ जाऊन बसलों. टांके निघालेल्या जागेजवळ प्रथम बोट ठेवितांना माझा हात कांपला. खंड्या मात्र पूर्वीप्रमाणें उताणा पडला.

आठ महिन्यांनीं नव्या गांठी उठल्या. पुन्हां शस्त्रक्रिया करणें त्याच्या वयास सोसणार नव्हतें. मग गोळ्या सुरू झाल्या. एक हिस्टामीनचा जोर मोडणारी, एक जठर सांभाळणारी व एक गांठींची वाढ रोखणारी. ह्या शेवटच्या गोळीनें त्याला तहान फार लागे व मध्यरात्रीं खालीं न्यावें लागे. तीन जिने तो उतरे, पण चढतांना थके. मग मी त्याला उचलून आणीं. एका रात्रीं काकूंच्या दाराचा आवाज झाला. त्यांनीं न बोलतां जिन्यांतला दिवा लावला व आम्ही वर पोंचेपर्यंत त्या उभ्या राहिल्या. पुढें तो त्यांचा नियमच झाला. दर रविवारीं मी वही भरीत असें. कोणती गांठ वाढली, कोणती चिघळली, त्यानें किती खाल्लें, तो कितीदां ओकला, सर्व कांहीं. डॉक्टरीणबाई ती वही पाहून औषधाचें मान ठरवीत. ज्या कामाचा मला एकदां कंटाळा आला होता, तेंच आतां त्याच्या अंगावरून हात फिरविण्याचें निमित्त झालें होतें.

जानेवारी २०२४ मध्यें त्यानें खाणें सोडलें. वहींत लागोपाठ सहा दिवस 'कांहीं खाल्लें नाहीं' असें लिहिलेलें आहे. डॉक्टरीणबाईंनीं ती पानें पाहिलीं व आजोबांना सांगितलें, कीं आतां औषध त्याचें आयुष्य वाढविणार नाहीं, केवळ यातना लांबवील. वेदना न होतां मरण देणारें इंजेक्शन देण्यास आजोबांनीं संमति दिली. मला बाहेर थांबावयास सांगण्यांत आलें. पण मी थांबलों नाहीं. खंड्याचें डोकें माझ्या मांडीवर होतें व माझा हात त्याच्या उजव्या मांडीवरच्या त्या जुन्या वणावर होता. त्याचा श्वास थांबल्याचें मला त्या हातानेंच कळलें.

माझ्या बंधुभगिनींनो, तुमच्यापैकीं पुष्कळांच्या घरीं कुत्रीं-मांजरें असतील. आठवड्यांतून एकदां त्यांच्या सर्वांगावरून सावकाश हात फिरवा. गांठ लागली तर घाबरूं नका, कारण प्रत्येक गांठ कर्करोगाची नसते. पण ती मनांत दडवूनही ठेवूं नका. त्याच दिवशीं वडील माणसांस सांगा. आणि दुखणें बरें होणारें नसेल तेव्हांही आपला हात काढून घेऊं नका.

वहीचीं एकोणीस पानें कोरीं राहिलीं आहेत. गेल्या महिन्यांत काकूंच्या नातवानें आपल्या मांजरीच्या कानामागें कांहीं लागतें म्हणून ती माझ्याकडे आणली. विसाव्या पानावर नव्हे, तर लगेच पुढच्या कोऱ्या पानावर मीं मांजरीची आकृति काढली, पट्टी घेतली आणि तारीख घातली.

— इयत्ता दहावींतील एक विद्यार्थी