दंत्य वर्ण आणि तात्पुरती कवळी

त, थ, द, ध, न हे वर्ण दंत्य होत, असे व्याकरणाच्या तासाला वर्षानुवर्षे सांगत आलो. वरचे पुढचे चार दात गेले आणि त्या विशेषणाला एकाएकी देह आला.

जबड्याच्या हाडात आता टिटॅनियमचे दोन स्क्रू आहेत. ही कल्पना मूळची स्वीडनमधली. १९५२च्या सुमारास पेर-इंग्वार ब्रोनेमार्क सशाच्या हाडातले रक्ताभिसरण अभ्यासत होते. त्यासाठी बसवलेले टिटॅनियमचे उपकरण नंतर निघेचना. हाडाने ते आपलेसे केले होते. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाच्या जबड्यात असे स्क्रू बसवले. हे आपलेसे करणे सावकाशीचे : खालच्या जबड्यात साधारण तीन महिने, वरच्या, विरळ हाडाच्या जबड्यात चार ते सहा. तेवढ्या काळात स्क्रू सुमारे ०.१ मिलिमीटरहून अधिक हलत राहिला, तर भोवती हाडाऐवजी तंतुमय ऊती धरते आणि तो सैलच राहतो.

आणि नेमकी याच काळात तोंडात तात्पुरती कवळी! चावताना तिचा दाब हिरडीतून स्क्रूवर उतरतो. शिवाय हाडाचेही एक गणित आहे. दाताचे मूळ भोवतालच्या तंतूंमधून हाडाला ताण देते, त्यावर हाड टिकते. कवळी मात्र वरून दाबते, आणि सततच्या दाबाखाली हाड झिजते. म्हणून स्क्रूवरचा भाग आतून खरवडून तिला मऊ अस्तर देतात, सुरुवातीचे दिवस ती घालू देत नाहीत, रात्री तर काढूनच ठेवायची. हिरडीऐवजी शेजारच्या दातांवर टेकणारी योजना मला अधिक शहाणपणाची वाटते. माझ्या शेजारच्या दातांत तेवढे बळ नाही.

आमच्या धंद्यात मात्र कवळीवाचून भागत नाही. ‘जग’ म्हणजे विश्व आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा. यांतला तालव्य आणि दंततालव्य ‘ज’ फळ्यावर सारखाच दिसतो, तो उच्चारूनच दाखवावा लागतो. दातांवाचून दोन्ही ‘जग’ एकाच फुसकाऱ्यात विरतात. राजापूर-संगमेश्वरकडची मुले सभ्य आहेत, हसत नाहीत. पण वहीत काय लिहावे हे त्यांना कळत नाही.

तेव्हा तडजोड अशी, की कवळी तासापुरती, जेवताना डबीत. ताटात मऊ भात आणि कुळथाचे पिठले. फणसाचे तळलेले गरे घरची मंडळी माझ्यापासून दूर बसून खातात. आवाज तरीही येतोच. चौथ्या महिन्यात क्ष-किरण चित्र काढायचे आहे.