चिमूटभर तंबाखू

वार्षिकांकासाठी आरोग्यावर चार शब्द लिहावेत, अशी सूचना विद्यार्थी संपादकांकडून आली तेव्हा आम्ही प्रथम संकोचलो. आम्ही कलाशाखेचे पदवीधर. वैद्यकाशी आमचा संबंध आला तो केवळ रोगी या नात्याने. परंतु ज्या विषयात आम्ही स्वतः रोगी ठरलो, त्याविषयी लिहिण्याचा थोडासा अधिकार आम्हांस आहे असे विचारान्ती वाटले. तो विषय म्हणजे तंबाखू.

आमचे मूळ गाव घाटाखालचे, घरची बोली कोकणी. नोकरीनिमित्त निपाणीस बिऱ्हाड केले तेव्हा वखारींवरून येणारा उग्र वास मातुश्रींना सोसवेना. त्या पदराने नाक झाकून घेत. वर्षभरात तो वास आम्हां सर्वांच्या अंगवळणी पडला. वास्तविक या वनस्पतीचे आणि आमच्या मुलखाचे नाते जुने आहे. पोर्तुगीजांनी ती या देशात आणली. इ. स. १६०४च्या सुमारास अकबराचा वकील असद बेग याने विजापुराहून तंबाखू नेऊन बादशहापुढे ठेवली. बादशहाने दोन-चार झुरके घेतले. परंतु या वस्तूचा जुन्या वैद्यकग्रंथांत कोठेही उल्लेख नाही, असे सांगून दरबारच्या हकिमाने हरकत घेतली. हकिमाची शंका रास्त होती, हे कळावयास जगाला पुढे साडेतीनशे वर्षे लागली.

निपाणीची बाजारपेठ या पिकाने वाढविली, हे मात्र नाकारता येणार नाही. रास्त भावासाठी शेतकऱ्यांनी १९८१ साली शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथेच महामार्गावर ठाण मांडले. वखारींत राबणाऱ्या स्त्रियांच्या संघटनेवर ‘युगांतर’ या गटाने १९८२ साली चित्रपट केला. ज्या पिकावर इतकी घरे जगली, त्याविरुद्ध बोलताना जीभ जरा अडखळतेच.

आमची जीभ आणखी एका कारणाने अडखळत असे. महाविद्यालयात असताना मित्रांच्या संगतीने जडलेली चिमूटभर तंबाखू आणि नखभर चुना आमच्या खिशातील डबीत नित्य असे. गेल्या वर्षी नववीच्या वर्गात आम्ही व्यसनमुक्तीवर मोठ्या आवेशाने बोलत होतो. घाम पुसण्यासाठी खिशातून रुमाल काढला आणि त्याबरोबर डबी खाली पडली. कोणी हसले नाही. पहिल्या बाकावरील मुलाने ती उचलली, दोन्ही हातांनी आमच्या हाती दिली आणि हळूच विचारले, “सर, आमची आई तंबाखू खात नाही, पण वखारीत जाते. तिला खोकला आहे. तिनं काय करायचं?”

आमच्यापाशी उत्तर नव्हते. त्याच रविवारी आम्ही बेळगावी एका दंतवैद्यांकडे गेलो. त्या मुलाचा प्रश्न विचारण्यासाठी आणि, खरे सांगावयाचे तर, गालाच्या आत कित्येक महिन्यांपासून जाणवणारा खरखरीतपणा दाखविण्यासाठी.

डॉक्टरांनी आरशात आम्हांस एक पांढरा चट्टा दाखविला आणि त्याचा अर्थ समजावून सांगितला. चुन्यामुळे तंबाखूतील निकोटीन मोकळे होते व गालाच्या पातळ त्वचेतून चटकन रक्तात उतरते; म्हणून तरतरी वाटते आणि म्हणूनच सवय सुटत नाही. पान सुकताना व मुरताना त्यात नायट्रोसमाइन नावाची द्रव्ये तयार होतात. कर्करोगास ती कारण होतात. पांढरा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे. परंतु अशा काही चट्ट्यांचे पुढे कर्करोगात रूपांतर होते. व्यसन सोडल्यास पुष्कळ चट्टे कमी होतात, काही नाहीसेही होतात. “आज सोडा, आणि मला तोंड दाखवायला येत राहा,” एवढेच ते म्हणाले.

त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तरही मिळाले. वखारीतील धुळीने घसा व फुप्फुसे खवळतात. नाकातोंडास स्वच्छ फडके बांधावे. घरी येताच हातपाय धुऊन कपडे बदलावेत, मगच लेकरास जवळ घ्यावे. ओल्या पानांतील निकोटीन कातडीतूनही अंगात जाते. शेतात तोडणी करणाऱ्यास मळमळ, उलटी, भोवळ होते ती त्यामुळे. आणि दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला ‘धुळीचाच’ म्हणून सोडून देऊ नये. सरकारी दवाखान्यात थुंकी तपासून घ्यावी. क्षयाची ती तपासणी विनामूल्य होते.

मशेरीने दात बळकट होतात, हा समजही खोटा. तव्यावर जाळलेली तंबाखू ती तंबाखूच. तिने क्षणभर ठणका कमी भासतो, पण हिरड्या झिजत जातात. गरोदर स्त्रीने ती लावल्यास बाळ कमी वजनाचे होण्याचा धोका असतो.

तंबाखू सोडणे आम्हांस सोपे गेले नाही. पहिले तीन दिवस झोप नाही, पोट साफ नाही, आणि स्वभाव असा की घरातील मंडळी दूर राहून बोलत. कोणी सुपारी चघळावयास सुचविले. परंतु सुपारीही कर्करोगकारक असून तिने तोंड उघडेनासे होते, असे डॉक्टरांनी आधीच बजावले होते. तलफ येते ती काही मिनिटेच टिकते, हे कळल्यावर मात्र धीर आला. तेवढा वेळ आम्ही पाणी पीत असू, बडीशेप चघळत असू किंवा अंगणात फेऱ्या घालत असू. दुसऱ्या महिन्यात एकदा घसरलोही. पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू केली. आज त्यास आठ महिने झाले. चट्टा निम्मा राहिला आहे.

महिन्यातून एकदा मातुश्री आम्हांस दारातील उजेडात उभे करून म्हणतात, “पुता, तोंड उगड.” मग आम्ही त्यांचे तोंड पाहतो, कारण त्या अद्यापि सकाळी एकदा मशेरी लावतात आणि तो वाद अजून मिटलेला नाही.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या घरच्या श्रमाची लाज बाळगू नका; त्या श्रमावर तुम्ही शिकत आहात. मात्र आज घरी गेल्यावर वडीलधाऱ्यांना उजेडात बसवून एवढे पाहा: पांढरा वा लाल चट्टा, गाठ, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तीन बोटे मावणार नाहीत इतके कमी उघडणारे तोंड. यांतील काही आढळल्यास त्यांना दवाखान्यात घेऊन जा. व्यसन सोडू इच्छिणाऱ्यांस १८००-११-२३५६ या सरकारी दूरध्वनीवर विनामूल्य सल्ला मिळतो.

आमच्या त्या डबीत आता खडूचे तुकडे असतात. ती पुन्हा कधी वर्गात पडलीच, तर उघडून पाहण्याची मुभा आम्ही तुम्हांस देऊन ठेवीत आहोत.