सवय झालीय

मंडळी, पोस्ट मोठी आहे. राजकारणावर नाही, त्यामुळे लाइक कमी येणार हेही माहीत आहे. तरी वाचा. ज्यांच्या घरातलं कुणी दसरा-दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडतं, त्यांनी तर वाचाच.

गेल्या महिन्यात चुलत वहिनीला घेऊन शहरात किडनीच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. वहिनीचं वय ४१. ऊसतोडीचे १८ हंगाम केलेले. शुगर नाही. पायांवर सूज आली, जेवण जाईना, म्हणून तालुक्याला रक्त तपासलं तर क्रिएटिनिन ४.६. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आकसलेल्या. डॉक्टरांनी फाइल बाजूला ठेवली आणि विचारलं, "फडात असताना लघवीला किती वेळा जायच्या?"

वहिनीनं पदर सावरला आणि खाली बघायला लागली. मी उठून बाहेर निघालो, तर डॉक्टर म्हणाले, बसा, तुम्हीपण ऐका.

"सकाळी अंधारात एकदा, रात्री अंधारात एकदा."

"आणि मधे?"

"मधी पाणीच पीत नव्हते. जायचं कुठं? सगळीकडं माणसं. सवय झालीय आता."

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, या टप्प्यावर नेमकं एकच कारण काढता येत नाही. पण हे जे तुम्ही सांगताय ते मी कागदावर लिहून ठेवतो. आणि खरंच लिहिलं.

मी गाडीत बसलो आणि माझं मलाच वाईट वाटायला लागलं. १०-१२ वर्षांपूर्वी मी ऊसतोड कामगारांवर मालिका केली होती. तीन दिवस खोपीवर राहिलो. उचल किती, मुकादम कसा, खाडा पडला तर किती कापतात, पोरांच्या शाळेचं काय, सगळं विचारलं. त्यांच्याच घागरीतलं पाणी प्यालो. डिप्लोमात आम्हाला कोण, काय, कधी, कुठे, का, कसे हे पाठ करून घेतलं होतं. त्यातला 'कुठे' मी नको तिथं खर्च केला. बाईमाणूस दिवसभर लघवीला कुठे जातं, हे विचारायचं सुचलंच नाही. सुचलं असतं तरी लाजेनं विचारलं नसतं, हेही खरं.

आता 'सवय झालीय' या दोन शब्दांबद्दल. घरी आल्यावर चार-पाच रात्री मी यावर जमेल तेवढं वाचलं. माझं विज्ञान दहावीपर्यंतचं, त्यामुळे मला समजलं त्या भाषेत सांगतो.

कैरीच्या फोडींना मीठ चोळलं की काय होतं? पाणी सुटतं, फोड आकसते. मीठ बाहेर जास्त झालं की आतलं पाणी बाहेर ओढलं जातं. किडनीच्या आतल्या गाभ्यातल्या पेशी जन्मभर अशा मिठाच्या बरणीतच राहतात. दोन्ही किडन्या मिळून दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला दीड-दोन लिटर सोडून बाकी सगळा परत रक्तात घेतात. पाणी कमी प्यालं की लघवी आणखी घट्ट करायची असते. त्यासाठी त्या गाभ्यातला खारटपणा रक्ताच्या चौपटीपर्यंत चढतो. शरीरातल्या दुसऱ्या पेशी एवढ्यात मरून जातील.

मग या कशा जगतात? बाहेर खारट झालं की पेशी आधी आकसते. घाईघाईनं बाहेरचं मीठ आत घेऊन पुन्हा फुगते. पण आत जास्त मीठ म्हणजे प्रथिनांना त्रास, म्हणजे तो उपाय तात्पुरता. मग काही तासांत, काही दिवसांत पेशीच्या केंद्रात एक स्विच दाबला जातो. शास्त्रज्ञ त्याला एनफॅट-५ म्हणतात. त्यानंतर पेशी मिठाऐवजी निरुपद्रवी माल भरायला लागते: सॉर्बिटॉल, बीटेन, इनोसिटॉल, टॉरिन. पाणी धरून ठेवायचं, पण आतल्या यंत्रणेला धक्का लावायचा नाही. ताण हळूहळू चढला तर पेशी हे जमवते. एकदम चढला तर मरते.

म्हणजे सवय खरंच होते. वहिनी खोटं बोलत नव्हती.

पण पुढचं ऐका. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मॉरिस बर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा 'सवय झालेल्या' पेशी तपासल्या. पेशी दिसायला ठणठणीत, वाढतायत, विभागतायत. आत डीएनएला मात्र जागोजागी तुटी. खारटपणा आहे तोवर त्या तुटी तशाच राहतात, दुरुस्ती जवळजवळ थांबलेली असते. खारटपणा उतरवला की दुरुस्ती लगेच सुरू होते. हे त्यांनी २००४ साली छापलं. उंदरांच्या किडनीतही हेच दिसलं. उतार मिळाला तर ठीक. आपल्या फडात तो उतार दिवसभर मिळत नाही.

तुम्ही म्हणाल, रात्री खोपीवर आल्यावर पितात की दोन तांबे. मीही हेच म्हणालो होतो. कोलोरॅडो विद्यापीठाचे रिचर्ड जॉन्सन आणि मंडळींनी २०१४ मध्ये नेमकं हेच तपासलं. उंदरांना रोज उष्णतेत ठेवलं. एका गटाला दिवसभर पाणी, दुसऱ्याला फक्त रात्री. २४ तासांचं एकूण पाणी दोघांना सारखंच. दिवसभर पिणारे नीट राहिले. रात्री पिणाऱ्यांचं क्रिएटिनिन चढलं, किडनीत सूज आणि व्रण. कारण असं सापडलं की सॉर्बिटॉल बनवायची यंत्रणा किडनीच्या बाहेरच्या भागातही जोरात सुरू झाली, सॉर्बिटॉलचं पुढं फ्रुक्टोज झालं, आणि ते फ्रुक्टोज जाळताना त्या पेशी जखमी झाल्या. ज्या उंदरांत फ्रुक्टोज जाळणारं एन्झाइमच नव्हतं, ते वाचले. उंदीर म्हणजे माणूस नाही, मान्य. पण मला तो कागद वाचताना फडच दिसत होता.

हे संशोधन आलं कुठून तेही सांगतो, कारण त्यातही ऊसच आहे. मध्य अमेरिकेत एल साल्वादोर, निकाराग्वा या देशांत ऊसतोड करणारे तरुण गडी किडनीच्या आजारानं जायला लागले. ना शुगर, ना बीपी. एल साल्वादोरच्या डॉक्टरांनी २००२ च्या सुमारास हे जगापुढं आणलं. कारणांवर अजून वाद आहे, उष्णता, कीटकनाशकं, आणखी काही. पण निकाराग्वातल्या एका कारखान्यानं पाणी, सावली आणि सक्तीची विश्रांती सुरू केल्यावर तोडकऱ्यांच्या किडनीची इजा कमी झाली. फडात ताडपत्रीची सावली करायला फार पैसे लागत नाहीत.

एक गोष्ट राहिली, आणि ही घरोघरची आहे. मोळ्या वाहून पाठ धरली की संध्याकाळी अंगदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक किंवा तसलंच काहीतरी, बरोबरच्या बाईच्या पिशवीतलं. पाणी कमी पडलं की किडनी आपला रक्तपुरवठा टिकवायला आणि त्या गाभ्यातल्या पेशी तगवायला काही रसायनं तयार करते. ही गोळी नेमकी तीच बंद करते. वहिनीनं किती खाल्ल्या असतील? ती म्हणते, "मोजल्या का भाऊजी कुणी."

माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे. टोळी निघायच्या आधी आणि परत आल्यावर प्रत्येकाचं क्रिएटिनिन तपासा, बायांचं तर नक्कीच. साधी रक्ततपासणी आहे, तालुक्याला होते. ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, साखरेच्या टनामागं हिशोब ठेवणारे कारखाने आहेत, तिथं ही दोन तपासण्यांची नोंदही बसेल. आणि प्रत्येक फडात आडोसा. आडोसा असेल तरच बाई दिवसा पाणी पिईल. नुसतं 'भरपूर पाणी प्या' असं लिहिलेलं पत्रक तिच्या हातात देऊ नका. मी स्वतः असल्या पत्रकाची बातमी फोटोसकट छापलेली आहे.

वहिनी या वर्षी जाणार नाही. पण उचल घेतलेली आहे, म्हणून मुलगा आणि सून चाललेत. परवा त्यांच्याकडं गेलो तर बोचकी बांधणं चाललं होतं. वहिनी सुनेला म्हणाली, मधी मधी पाणी पीत जा गं. सून हसली. म्हणाली, "आत्या, जायचं कुठं?"

वहिनी काही बोलली नाही. पायावरची सूज सांभाळत उठली, ट्रंकेतून एक जुनं लुगडं काढलं, आणि मुलाला म्हणाली, चार बांबू घे सोबत.