१५ बाथचे तिकीट



गेल्या हनुक्काच्या कार्यक्रमात तीन-चार जणांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला. "तुम्ही दोघं पेन्शनवर तीन-तीन आठवडे आशियात कसे फिरता? कोणाच्या टूरबरोबर जाता?" तेव्हा सुफगानियोत खाता खाता काहीतरी उत्तर दिलं. आता नीट लिहितो. आमची नातवंडंही हे वाचणार आहेत, म्हणून आम्ही इथे स्वतःला आजी आणि आजोबाच म्हणू.

टूर आम्ही एकदाच केली. बसमधून उतरा, फोटो काढा, परत बसमध्ये चढा. देवळात दहा मिनिटं आणि दागिन्यांच्या दुकानात दोन तास! शेजारी बसायला तीच माणसं, जी आम्हांला डिमोनाच्या शुकमध्ये रोज भेटतात. मग २००६ साली आजोबा निवृत्त झाले, तेव्हा ठरवलं की विमानाचं तिकीट नि पहिल्या दोन रात्रींची खोली एवढंच आधी घ्यायचं. बाकीचं तिथे गेल्यावर बघू. मुलीने कपाळाला हात लावला. "आई, तुम्हांला धड इंग्रजी येत नाही!" ती म्हणाली. आम्ही म्हटलं, अलिया केली तेव्हा हिब्रू तरी कुठे येत होतं?

पहिल्यांदा गेलो थायलंडला. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीवर लाँच चालतात, टॅक्सीच्या मानाने अगदी स्वस्त. नारिंगी झेंड्याची लाँच धक्क्याला लागली, पोऱ्याने शिट्टी मारून दोर टाकला आणि आजोबा एकदम म्हणाले, "अगं, भाऊचा धक्का!" आम्ही दोघं रेवदंड्याचे. मुंबईहून गावी जायचं तर भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच धरायची, हे ज्यांनी केलंय त्यांना जास्त सांगायला नको. त्या दिवशी आम्ही नुसतेच दोन वेळा वर-खाली फिरलो.

तिथली रेल्वेही तशीच आपल्या ओळखीची. हुआ लाम्फोंग हे १९१६ साली सुरू झालेलं जुनं स्टेशन, त्याला मोठं कमानदार छप्पर. मोठ्या पल्ल्याच्या बहुतेक गाड्या जानेवारी २०२३ पासून नव्या स्टेशनावरून सुटतात, पण अयुथयाला जाणाऱ्या काही साध्या गाड्या अजून इथूनच निघतात. तेव्हा तिसऱ्या वर्गाचं तिकीट होतं १५ बाथ. खिडक्या उघड्या, वर पंखे, आणि टोपल्या घेऊन डब्यातून फिरणाऱ्या बायका. अयुथया ही सयामची जुनी राजधानी, १७६७ साली ब्रह्मी सैन्याने जाळली. मुलांनो, तिथे एका झाडाच्या मुळांत बुद्धाचं दगडी डोकं अडकलेलं आहे. फोटो काढायचा असेल तर आपलं डोकं त्याच्या डोक्यापेक्षा वर जाऊ द्यायचं नाही, खाली बसायचं. आजी बसली खरी, पण उठवायला दोन माणसं लागली.

आता खाण्याचं. कोशर पाळून जमतं का? जमतं, पण थोडी खटपट आहे. थाई लोक भाजीतसुद्धा माशाचा नाहीतर कोळंबीचा रस घालतात. म्हणून पिवळ्या झेंड्यावर लाल थाई अक्षर असलेली गाडी शोधायची. त्याचा उच्चार 'जे'. तिथे मांस, मासे, अंडं, दूध काही नसतं. कांदा-लसूणही नसतो, तेवढं सोसायचं. शब्बाथला खाओ सान रोडजवळच्या खबादच्या घरी जायचं. एरवी बॅगेत विजेची लहान किटली, अंडी उकडायला आणि चहाला. फळं तर रस्तोरस्ती.

श्रीलंकेत २०१३ साली गेलो. कँडीहून एल्लाला जाणारी गाडी चहाच्या मळ्यांतून इतकी हळू जाते, की आजीचं विणकाम अर्धं झालं. एका स्टेशनावर गरम वडे आले. आजोबांनी आनंदाने चार घेतले. पाहतो तर प्रत्येक वड्यावर अख्खी कोळंबी, मिशांसकट! समोरच्या मुलाला दिले. मग त्याच्या आईने आपल्या डब्यातले साधे डाळवडे आम्हांला दिले.

आता २०१९ ची गोष्ट. ही लिहावी की नाही यावर आमचं दोन दिवस चाललं होतं. आजोबांना त्यातलं काही आठवत नाही, पण "लिही," असं तेच म्हणाले.

अयुथयाहून परत हुआ लाम्फोंगला उतरलो. आजी बॅगा घेऊन बाकावर बसली, आजोबा किटलीत पाणी भरायला गेले. दहा मिनिटं झाली, वीस झाली, चाळीस झाली. त्यांचा फोन आजीच्या पिशवीत. बॅगा सोडून उठता येईना, आणि उठून जावं तर तेवढ्यात ते परत येतील. गर्दी तर वाढतच होती. आजीने एलियाहू हन्नाबीला मलिद्याचा नवस बोलला.

इतक्यात ६ वाजले. थायलंडमध्ये सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ ला स्टेशनवर राष्ट्रगीत लागतं, आणि बसलेला उठतो, चालणारा थांबतो. सगळं स्टेशन जागच्या जागी उभं राहिलं. हमाल, पोलीस, शाळेची मुलं, सगळे. आणि त्या सगळ्यांतून एकच पांढरी टोपी हळूहळू चालत होती, हातात किटली. आजीने राष्ट्रगीत संपायची वाट पाहिली नाही. थाई लोकांनी माफ करावं.

जवळ गेल्यावर आजोबा म्हणाले, "अगं, रेवसची लाँच सुटली का?"

त्या वेळी आजीला हसू आलं. थट्टा करतायत असं वाटलं. घरी आल्यावर कुपात खोलिमच्या डॉक्टरांनी तपासलं, तेव्हा ती थट्टा नव्हती हे कळलं.

नवस मात्र तिथेच फेडला. दुसऱ्या दिवशी बाजारात 'खाओ माओ' मिळाले. कोवळा भात कांडून केलेले हिरवट पोहे. थाई बायका ते ओलं खोबरं नि साखर घालूनच खातात. आम्ही हॉटेलच्या खोलीत वर्तमानपत्रावर फळं मांडली आणि मलिदा केला. रंग हिरवा, चव रेवदंड्याची.

त्यानंतर कोरोना आला, मग लढाई आली, आणि मुलांनी पासपोर्ट कपाटात कुलूपबंद करायचं तेवढं बाकी ठेवलं. त्यांचं चूक नाही. डॉक्टर म्हणतात, आजार हळू चाललाय, पण थांबणार नाही. आजोबा काल काय जेवले ते विसरतात, पण १५ बाथचं ते तिकीट कुठल्या खिशात ठेवलं होतं ते सांगतात. आम्ही पुष्कळ विचार केला आणि फेब्रुवारीची तिकिटं काढली. या वेळी फक्त बँकॉक आणि अयुथया, बारा दिवस. आजोबांच्या गळ्यात पट्टी, तिच्यात हॉटेलचा पत्ता थाई अक्षरांत. फोन त्यांच्याच खिशात, पिशवीत नाही. मुलगी म्हणाली, "मी येते बरोबर." आम्ही म्हटलं, तुझ्या सुट्टीचं बघ, पण तुझं तिकीट तू काढ.

प्रवासाची नवी वही आणली आहे. पहिल्या पानावर आजोबांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय: 'संध्याकाळी ६ वाजता जिथे असू तिथे उभं राहायचं.'