टिटवीची चार अंडी

आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळाच्या नकाशावर मिरजगावात महाधनेश उमटला, ती चूक माझी होती. सह्याद्रीच्या दाट जंगलातला हा पक्षी. आमच्याकडे मुरमाड माळ, बाभळी आणि पाण्याची कायमची ओढ. नववीच्या मुलांना मी सांगितलं होतं, प्रत्येकी दहा नोंदी, दहा गुण. आकडा भरायला एकाने गूगलवरचा फोटो उचलला. कुणा अनोळखी अभ्यासकाने त्याखाली मनापासून विचारलं, "नेमका कुठे दिसला? एकटाच होता का?" तो प्रश्न वाचून मला फार लाज वाटली. खरं काय ते कळवलं, नोंद काढायला लावली आणि त्या दिवसापासून गुण बंद केले.

पुढे केंद्राच्या शिक्षण परिषदेत मुलांच्या अशा नोंदींवर बोलायची वेळ आली, तेव्हा मी फळ्यावर काही लिहिलं नाही. सगळ्या शिक्षकांना मैदानावर नेलं. म्हटलं, महिनाभर आधी आपण नोंदी करू, मग मुलांना सांगू. आवारातला कडुनिंब कुणीतरी लावलेला, म्हणून 'लागवडीचा' अशी खूण करायची. तेरा वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या परवानगीशिवाय खातं उघडता येत नाही. त्यांच्यासाठी सीक हे ॲप बरं, त्याला खातंच लागत नाही.

तेवढ्यात टिटवी डोक्यावर घिरट्या घालत ओरडू लागली. उघड्या मुरमावर चार ठिपकेदार अंडी! एक सर फोटो काढायला वाकले. मी त्यांना हाताला धरून मागे ओढलं. आपण तिथे रेंगाळलो तर ती अंड्यांवर बसणार नाही, आणि एप्रिलचं ऊन. शिवाय माणसं कुठे घुटमळतात, यावर कावळ्यांची नजर असतेच.

"मग नोंद कशी करायची, मॅडम?"

लांबून, टिटवीची. आणि ठिकाण झाकून. माळढोकासारख्या संकटातल्या पक्ष्याचं ठिकाण संकेतस्थळ आपोआप धूसर करतं; टिटवीचं आपल्यालाच करावं लागतं. हे मला त्या सरांना एकदाच सांगावं लागलं. पुढचे तीन आठवडे मैदानाचा तो कोपरा त्यांनीच दोरी बांधून राखला.

यंदा फेब्रुवारीत जागतिक पक्षिगणना केली. २०१३पासून भारतातही होणारी ही गणना. किमान पंधरा मिनिटं एका जागी थांबून दिसेल ते मोजायचं. महाधनेशवाल्या मुलाने वही पुढे केली. "सकाळी ७.१०. चिमण्या ११, साळुंक्या ४, एक पक्षी ओळखता आला नाही."

ई-बर्ड या पक्षिनोंदींच्या संकेतस्थळावर तो एक आम्ही 'अनोळखी पक्षी' म्हणूनच भरला.