रिकामी घरे

संध्याकाळी भाजीवाली उरलेली कोथिंबीर निम्म्या भावात देऊन टाकते. रात्रीतून जुडी कोमेजेल, हे तिला पक्के ठाऊक असते. घर कोमेजत नाही. सारी गोम तिथेच आहे.

आमचे आजोबा सांगत, की १९३९ च्या लढाईपूर्वी गिरगाव-दादरच्या चाळींवर 'जागा भाड्याने देणे आहे' अशा पाट्या लटकत. बिऱ्हाड मिळावे म्हणून मालक खोलीला चुना लावून देई. (तेव्हा चुना भिंतीलाच लावीत!) पुढे लढाई आली, फाळणी आली, माणसांचे लोंढे आले, पाट्या उतरल्या आणि पागडी चढली. १९४७ च्या कायद्याने भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधली. भाडेकरू तगला खरा, पण भाड्याने द्यायला नवी चाळ बांधण्याची हौस कुणाला राहणार? पुढच्या दाराने अडवलेला भाव मागच्या दाराने आत शिरला.

माझी पुतणी सध्या घर शोधते आहे. बदलापूरच्या एका खोलीत ती दोघे राहतात. सासूबाईंना गावाहून आणायचे आहे, पण निजवायचे कुठे? तिने मला धंद्यातला हिशेब शिकवला. समजा, सहाशे घरे पडून आहेत आणि महिन्याला पन्नास खपतात. म्हणजे साठा बारा महिन्यांचा. साठा आटला की विकणारा मान वर करून बघत नाही; तुंबला की चहा पाजतो.

"काका, चहा सगळीकडे मिळाला," ती म्हणाली, "भाव मात्र कुणी उतरवला नाही."

उतरवील कसा? आधी घेतलेले लोक भांडायला येतील, आणि कर्ज देणाराही डोळे वटारील. त्यापेक्षा स्वयंपाकघरातली कपाटे फुकट दिलेली बरी. सप्टेंबर २०२० मध्ये सरकारने मुद्रांक शुल्क पाच टक्क्यांवरून दोनवर आणले, तेव्हा मुंबईत नोंदणीला केवढी गर्दी उसळली! पाटीवरचा भाव तोच. खिशाला मात्र हलका.

आणि एवढे होऊन घरे नाहीत म्हणावे, तर २०११ च्या जनगणनेत मुंबईत सुमारे ४ लाख ८० हजार घरे रिकामी निघाली! पण कुलपातले घर बाजाराच्या मोजणीत धरायचे कसे? कुणी भाव चढण्याची वाट पाहतो, कुणी भाडेकरूला भितो.

आमच्याच वरच्या मजल्यावर दोन खोल्या अकरा वर्षे बंद आहेत. मालक पार्ल्याला राहतात. दर दिवाळीला सहकुटुंब येतात, आकाशकंदील लावतात, बाई उंबऱ्याशी रांगोळी काढतात, आणि कुलूप दोनदा ओढून पाहून मंडळी परततात. यंदा वसुबारसेला मी त्यांना जिन्यात गाठले आणि पुतणीसाठी शब्द टाकला.

"अहो, बिऱ्हाड ठेवायचे सोपे, उठवायचे कठीण," ते म्हणाले. मग किल्ली बोटाभोवती फिरवीत थोडे थांबले.

"सासूबाई एकट्याच येणार ना? बघू. पाडवा होऊन जाऊ दे."