अण्णांची पेटी

नोएडाच्या त्या फ्लॅटमध्ये कोणती वस्तू ठेवायची आणि कोणती भंगारात काढायची, यावरून सुटीच्या दिवशी थोडी तरी वादावादी व्हायचीच. मे महिन्यातल्या एका रविवारी पाळी आली ती अण्णांच्या गिटारच्या जुन्या अॅम्प्लिफायरवर. मुलाने ती लाकडी पेटी उचलायला हात घातला, तर मूठ हातात आली आणि तळाची फळी निखळून खाली पडली.

''पुरे झालं हे जपणं. कबाडीवाल्याला देऊन टाकू,'' तो वैतागून म्हणाला.

अण्णा एक शब्दही बोलले नाहीत. उठून आपल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं. सूनबाई खरं तर त्या पेटीला रोज नावं ठेवायची. पण ते आवाज न करता लोटलेलं दार तिला खटकलं.

अण्णा सरकारी नोकरीसाठी दिल्लीत आले ते १९६६ साली. तेव्हा हवाइयन गिटारचं वेड होतं. टाऊ मो यांच्यासारख्या कलावंतांनी १९४०च्या दशकात कोलकात्यात राहून ते वाद्य लोकप्रिय केलं होतं. पुढे व्हॅन शिप्ले यांच्या तबकड्यांनी सिनेमाची गाणी गिटारवर घरोघरी पोहोचवली. मांडीवर आडव्या ठेवलेल्या गिटारच्या तारांवर पोलादी दांडी सरकवायची आणि गळ्यासारखी मींड काढायची. १९३२ मध्ये बाजारात आलेली पहिली इलेक्ट्रिक गिटारही याच जातीची होती.

परदेशी अॅम्प्लिफायर तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते. म्हणून अण्णांनी एका रेडिओ मेकॅनिककडून व्हॉल्व्हचं यंत्र बनवून घेतलं आणि सुताराकडून पेटी. आवाजासाठी ईएल ८४ जातीचे व्हॉल्व्ह. हेच व्हॉल्व्ह घरच्या रेडिओत असत आणि इंग्लंडच्या प्रसिद्ध व्हॉक्स एसी ३० अॅम्प्लिफायरमध्येही. सरोजिनीनगरच्या क्वार्टरमध्ये गणपतीच्या दहा दिवसांत ती पेटी रोज वाजायची. सासूबाई गेल्या, पेटीतून खरखर यायला लागली आणि गिटार कपाटावर गेली.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने पेटी टॅक्सीत घातली आणि लाल किल्ल्यासमोरचं लजपतराय मार्केट गाठलं. तिथल्या म्हाताऱ्या मेकॅनिकने आधी तिला दटावलं, ''बटण बंद असलं तरी आत हात घालायचा नाही. कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, जिवावर बेतेल.'' मग ती वीज उतरवून त्याने यंत्र आणि स्पीकर बाहेर काढले, टेबलावर जोडून तपासले. आवाज स्वच्छ!

''बेटी, मशीन ठीक आहे. घर मोडलंय,'' तो म्हणाला.

खरखर व्हॉल्व्हची नव्हतीच. सुटलेल्या फळ्या स्पीकरच्या कंपनाने एकमेकींवर थडथडत होत्या. दोष दिल्लीच्या हवेचा. उन्हाळ्यात लू लाकूड सुकवते, पावसाळ्यात ते फुगतं. त्यात पेटी वर्षानुवर्षं कूलरच्या ओल्या झोतात ठेवलेली. जुन्या सरसाला ओल लागली की तो मऊ पडतो.

पेटी आता सोसायटीजवळच्या सहारनपुरी सुताराकडे गेली. सूनबाईला वाटलं, तो चार खिळे ठोकेल. त्याने मान हलवली. खिळे कंपनाने पुन्हा सैल होतात, वर जुनं लाकूड फाडतात. त्याने कोपरे पाहिले. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे फळ्यांचे दाते एकमेकांत बसवलेले होते. अमेरिकेत फेंडर कंपनीच्या १९५०च्या दशकातल्या पाइनच्या पेट्यांनाही असेच सांधे असत.

''सरसाचा सांधा आहे, म्हणून बरं,'' सुतार म्हणाला, ''ऊब आणि वाफ दिली की न तुटता सुटतो. जो सुटतो, तो पुन्हा जोडता येतो.''

त्याने सांधे सोडवले, जुना सरस गरम पाण्याने पुसून काढला. तळाची कुजलेली कड कापून कीर्तिनगरच्या लाकूड बाजारातून आणलेल्या फळीचा तुकडा तिथे बसवला. पेटी आवळून बांधली आणि दोन्ही कर्ण मापून पाहिले. ते सारखे भरले, म्हणजे पेटी काटकोनात. पाठीमागची बाजू मात्र उघडीच ठेवली. व्हॉल्व्ह तापतात, त्यांना हवा लागते.

राहिलं होतं स्पीकरपुढचं कापड. ते जागोजागी विरलं होतं, हात लावताच फाटत होतं. सूनबाईने संध्याकाळी भीतभीतच अण्णांना विचारलं, ''नवं कोणतं लावू?''

अण्णांनी तो तुकडा तळहातावर घेतला. ''तुझ्या सासूबाईंच्या साडीचा आहे. मी जाडं कापड आणलं होतं, तर तिने तोंडाशी धरून फुंकर मारली. म्हणाली, यातून फुंकर जात नाही, सूर कसा जाईल?''

सूनबाई काही न बोलता आत गेली. कपाटातल्या साड्या तिने एकेक करून तोंडाशी धरल्या. रेशमी नको, सिंथेटिक नको. शेवटी कोटा डोरियाच्या साडीतून फुंकर अलगद पार गेली. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला घेतलेली ती साडी तिने कात्रीने कापली. विरलेला जुना तुकडा घडी करून पेटीच्या आत, एका कोपऱ्यात ठेवला.

त्या रविवारी मुलानेच कपाटावरची गिटार खाली काढली, तारा बदलल्या. व्हॉल्व्ह तांबूस पेटले. अण्णांचा हात थरथरत होता, दांडी दोनदा घसरली. तिसऱ्यांदा मात्र सूर लागला, लांब, स्वच्छ. खरखर नाही, थडथड नाही. दारात उभा असलेला मुलगा नकळत खाली बसला.

वाजवून झाल्यावर अण्णांनी पेटीवरच्या कापडावरून बोटं फिरवली. पोत ओळखून ते म्हणाले, ''चांगली साडी कापलीस गं, सूनबाई.''

''फुंकर मारून पाहिली होती, अण्णा,'' ती म्हणाली.

आता कूलर दुसऱ्या भिंतीला आहे आणि पेटी अण्णांच्या खोलीत. त्या खोलीचं दार संध्याकाळी उघडं असतं.